लिलावाची अखेरची घटका : समाप्तीचे नियम आणि शेवटच्या क्षणाची बोली

: १ :

मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे, आणि त्या पोर्तुगीज शब्दाचे मूळ ‘जाहीर करणे’ या अर्थाच्या अरबी शब्दात सांगितले जाते. या व्यवहाराचे मर्म त्या व्युत्पत्तीतच सामावलेले आहे. विकणारा एक, घेऊ इच्छिणारे अनेक. प्रत्येकाने चारचौघांदेखत आपला सवाल बोलावा, दुसऱ्याने तो वाढवावा, आणि ज्याचा सवाल सर्वांत वरचढ त्याच्या पदरी माल पडावा, इतका हा व्यवहार वरकरणी सरळ दिसतो. परंतु ‘सर्वांत वरचढ’ हे कोणत्या क्षणी ठरवावयाचे, हा प्रश्न उपस्थित होताच हा सरळपणा संपतो. बोली कोठे तरी थांबलीच पाहिजे. आणि ती घड्याळाने थांबवावी, दैवाने थांबवावी, की बोलणाऱ्यांच्या मौनाने थांबवावी, यासंबंधी निरनिराळ्या काळी निरनिराळे निर्णय झालेले आहेत.

इंटरनेटवरील लिलाव १९९५ नंतर सर्वत्र पसरले, तेव्हा ठरलेली वेळ संपण्यास काही क्षण उरले असता अचानक बोली टाकून माल पटकावण्याची रीत प्रसिद्धीस आली. ही रीत संगणकयुगाची निर्मिती होय, असा समज सार्वत्रिक आहे. इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही. अखेरच्या क्षणाची बोली ही यंत्रापेक्षा नियमाचे अपत्य आहे. लिलावाच्या समाप्तीचा नियम जसा असेल तसे बोलणाऱ्यांचे वर्तन घडते, आणि त्या वर्तनानुसार मालाची किंमत व मालाचा धनी ही दोन्ही बदलू शकतात, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

: २ :

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मेणबत्तीच्या साहाय्याने लिलाव करण्याची पद्धत चांगलीच रूढ होती. सुमारे इंचभर उंचीचा मेणबत्तीचा तुकडा पेटवावयाचा. तो जळत असेपर्यंत बोली चालू ठेवावयाची. आणि ज्योत विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची ठरेल त्याला माल द्यावयाचा, असा तिचा क्रम असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील विक्रीतही ही पद्धत वापरात होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालाची किंमत तेथे अशा रीतीने मेणबत्तीच्या उजेडात ठरत असे.

या पद्धतीचे बारकाईने केलेले वर्णन नौदल मंडळाचा चिटणीस सॅम्युएल पीप्स याच्या दैनंदिनीत सापडते. ६ नोव्हेंबर १६६० रोजी मंडळाच्या कचेरीत दोन जहाजांचा लिलाव झाला. त्यांपैकी ‘इंडियन’ हे जहाज १३०० पौंडांना आणि ‘हाफ-मून’ हे ८३० पौंडांना गेले. असा लिलाव पीप्सने त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. अखेरीस सर्वांनी एकदमच ओरडावयास आरंभ केल्यामुळे शेवटी कोण ओरडला हे ठरविताना अधिकाऱ्यांची त्रेधा उडाली, अशी नोंद त्याने केली आहे. ३ सप्टेंबर १६६२ रोजी जुन्या जहाजांचे तीन सांगाडे विकले गेले, त्या वेळची नोंद तर अधिकच उद्‌बोधक आहे. आरंभी बोली बोलण्यास कोणीच पुढे होत नाही आणि ज्योत विझू लागली म्हणजे मात्र एकच कल्लोळ उडतो, हे पीप्सच्या दृष्टीस पडले. त्या गर्दीत एक मनुष्य असा होता की, शेवटचा सवाल हटकून त्याचाच असे. पीप्सने त्याला यामागचे रहस्य विचारले. तेव्हा त्याने सांगितले की, ज्योत विझण्याच्या बेतात असताना मेणबत्तीचा धूर वर जाण्याऐवजी खाली उतरतो. ती खूण दिसताच आपण बोलतो.

या लहानशा नोंदीत पुढील साडेतीन शतकांच्या चर्चेचे बीज आहे. मेणबत्ती केव्हा विझेल हे कोणालाच निश्चित सांगता येत नसल्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत थांबून राहणे धोक्याचे होते. थांबावे तर ज्योतच विझावयाची, या भीतीने लोकांनी वेळीच बोलावे, हा त्या अनिश्चिततेचा उपयोग होय. परंतु हा उपयोग ज्ञानाच्या समतेवर अवलंबून होता. समाप्तीची घटका सर्वांनाच अज्ञात असेल तर सर्व बोलीदार समान पातळीवर राहतात. ती एकालाच कळत असेल तर त्या एकाचे साधते. धुराची खूण ओळखणाऱ्याला त्या सांगाड्यांची किंमत इतरांहून अधिक वाटत होती असे मानण्यास काहीच आधार नाही. इतरांहून अधिक त्याला कळत होती ती वेळ.

ही पद्धत इंग्लंडमधून समूळ नष्ट झाली नाही. बर्कशायर परगण्यातील ऑल्डरमॅस्टन या गावी एका जमिनीच्या भाडेपट्ट्याचा लिलाव दर तीन वर्षांनी मेणबत्तीने करण्याची चाल विसाव्या शतकानंतरही टिकून राहिली. तेथे मेणबत्तीत वातीखाली सुमारे एक इंचावर खिळा टोचतात, आणि मेण वितळून तो खाली पडला की लिलाव संपतो. ज्योतीच्या विझण्यासंबंधी वाद होण्याचा संभव असतो. खिळा पडल्यासंबंधी तो फारसा होत नाही.

: ३ :

फ्रान्समध्ये मेणबत्ती तीच होती, परंतु तिचा उपयोग निराळ्या तत्त्वावर झाला. १८०६ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या संहितेत न्यायालयामार्फत होणाऱ्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीसंबंधी नियम होते. सुमारे एक मिनिट जळणाऱ्या लहान मेणबत्त्या एकामागून एक पेटवावयाच्या, आणि तीन मेणबत्त्या विझल्याखेरीज विक्री पक्की करावयाची नाही, असा दंडक होता. त्या तिहींपैकी एखादी जळत असताना नवी बोली आली, तर त्यानंतर दोन मेणबत्त्या कोणतीही बोली न येता विझून जाणे आवश्यक ठरे.

इंग्लिश व फ्रेंच पद्धतींतील हा भेद केवळ तपशिलाचा नाही. इंग्लिश मेणबत्ती काळ मोजत होती. फ्रेंच मेणबत्ती मौन मोजत होती. इंग्लंडमध्ये ज्योत विझली की लिलाव संपे, मग आदल्या क्षणीच नवी बोली आलेली का असेना. फ्रान्समध्ये नवी बोली आली की प्रतिपक्षाला उत्तरासाठी पुन्हा अवधी मिळे, आणि कोणीही उत्तर देत नाही अशी खातरजमा झाल्यावरच व्यवहार पुरा होई. धुराकडे डोळे लावून बसणाऱ्याला तेथे काही लाभ नव्हता, कारण त्याच्या बोलीनंतर नवी मेणबत्ती पेटणारच होती. बर्गंडीतील बोन या गावच्या धर्मार्थ रुग्णालयाच्या मद्याचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे. त्यातही मेणबत्तीची परंपरा प्रसिद्ध आहे.

अठराव्या शतकात लंडनमध्ये लिलावाच्या मोठ्या पेढ्या उदयास आल्या. सदबी ही पेढी आपला आरंभ १७४४ पासून मोजते, तर क्रिस्टी ही १७६६ पासून. या पेढ्यांमध्ये मेणबत्तीची जागा हातोड्याने घेतली. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ हा आपल्याकडील परिचित पुकाराही त्याच जातीचा आहे. तीन वेळा पुकारण्यात जाणारा वेळ म्हणजे विरोधकांना दिलेली मुदत होय. दोन वारांनंतर नवा सवाल आला तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. सारांश, हातोडा व तीन वार यांचे तत्त्व फ्रेंच मेणबत्तीचेच आहे. फरक इतकाच की, तेथे मौनाचे माप ज्योत ठरवी, येथे ते पुकारणाऱ्याचा विवेक ठरवितो. आणि त्या प्रमाणात पक्षपाताला वाव राहतो.

: ४ :

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. १९९७ मध्ये त्याला ‘ईबे’ हे नाव मिळाले. येथे विक्रेता व ग्राहक एका दालनात जमत नव्हते. लिलाव काही दिवस चाले, आणि बोलीदार आपापल्या सवडीने व निरनिराळ्या देशांतून येत. अशा व्यवहारात हातोडा कोणी व केव्हा मारावयाचा? ईबेने या प्रश्नाचे उत्तर घड्याळाने दिले. लिलावाच्या समाप्तीची वेळ आधीच जाहीर होई आणि ती कोणत्याही कारणाने पुढे ढकलली जात नसे. अशा रीतीने समाप्तीची घटका सर्वांना सेकंदापर्यंत ठाऊक झाली. पीप्सच्या काळी धुराची खूण एकालाच कळत होती. आता ती भिंतीवर टांगल्यासारखी सर्वांसमोर आली.

याबरोबरच ईबेने आणखी एक सोय केली होती. बोलीदाराने आपली कमाल किंमत एकदाच नोंदवावी; त्याच्या वतीने संगणक केवळ गरजेपुरती बोली वाढवीत राहील. परिणामी विजेत्याला स्वतःची कमाल किंमत द्यावी लागत नसे. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक टप्पा अधिक एवढीच रक्कम भरावी लागे. या तत्त्वाची शास्त्रीय मांडणी विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये केली होती, आणि त्या परंपरेतील कार्यासाठी त्यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात मात्र टपाल-तिकिटांचे अमेरिकन व्यापारी १८९३ च्या सुमारासच टपालाने आलेल्या बोलींवर हे तत्त्व लावीत होते. विकरी यांच्या विवेचनानुसार बंद लिफाफ्यातील अशा लिलावात प्रत्येकाने आपली खरी किंमत लिहिणे हेच सर्वांत हिताचे ठरते. मग ईबेवरही पहिल्याच दिवशी खरी कमाल किंमत नोंदवून स्वस्थ राहावे, असे तर्काने म्हणता आले असते. लोक तसे वागले नाहीत. अखेरचे काही सेकंद उरेपर्यंत ते दबा धरून बसू लागले, आणि हे काम परस्पर करून देणाऱ्या आज्ञावलीही निघाल्या.

याच काळात घडलेला एक योगायोग संशोधकांच्या पथ्यावर पडला. ॲमेझॉननेही १९९९ मध्ये लिलाव सुरू केले. बोलीची पद्धत जवळजवळ तीच होती, परंतु समाप्तीचा नियम वेगळा होता. ठरलेल्या वेळेपूर्वीच्या दहा मिनिटांत बोली आली तर लिलाव आपोआप वाढे, आणि दहा मिनिटे कोणतीही नवी बोली न येता गेल्याशिवाय तो संपत नसे. हा नियम करणाऱ्यांच्या मनात फ्रेंच संहिता असण्याचे कारण नाही. तरीही १८०६ च्या दोन मेणबत्त्यांचेच हे नवे रूप होते.

ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी या दोन ठिकाणच्या लिलावांची तुलना करून २००२ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ईबेवरील संगणकांच्या लिलावांपैकी ४० टक्के आणि पुराणवस्तूंच्या लिलावांपैकी ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आलेली होती. ॲमेझॉनवर दोन्ही प्रकारांत हे प्रमाण केवळ ३ टक्क्यांच्या आसपास होते. त्याहूनही अर्थपूर्ण अशी दुसरी एक गोष्ट त्यांना आढळली. ईबेवर अनुभवी बोलीदार नवख्यांपेक्षा अधिक वेळा उशिरा बोलत, तर ॲमेझॉनवर अनुभवाचा परिणाम नेमका उलट दिशेने होत होता. अनुभवाने मनुष्य उशीर करावयास शिकतो असे नाही. समोरच्या नियमात जे फायद्याचे असेल ते तो शिकतो, असा याचा अर्थ होतो. पुढे २००५ मध्ये डॅन एरिएली यांच्यासह याच संशोधकांनी केलेल्या प्रायोगिक अभ्यासातही इतर परिस्थिती समान ठेवून केवळ समाप्तीचा नियम बदलला, तरी उशिरा बोलण्यात पडणारा हा फरक दिसून येण्यास तेवढे कारण पुरते, असे निष्पन्न झाले.

: ५ :

उशिरा बोलण्यात फायदा कोणता, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एक जुने नाणे लिलावात आहे. ‘क’ या जाणकाराच्या मते त्याची किंमत ५००० रुपये आहे. ‘ख’ हा हौशी संग्राहक ४५०० रुपयांपर्यंत जाण्यास तयार आहे. परंतु कमाल रक्कम एकदाच नोंदविण्याऐवजी आपण मागे पडल्याचे दिसल्यावर थोडे थोडे चढविण्याची त्याला सवय आहे, आणि सध्या तो २००० रुपयांवर आघाडीवर आहे. ‘क’ने दोन दिवस आधी ५००० ची बोली नोंदविली, तर ‘ख’ जागा होईल, ४५०० पर्यंत चढेल, आणि ‘क’ला तेवढे मोजावे लागतील. ‘क’ने शेवटच्या पाच सेकंदांत तीच बोली टाकली, तर ‘ख’ला उत्तरास अवधीच उरत नाही, नाणे २००० हून किंचित अधिक रकमेस जाते. दोन्ही प्रसंगी नाणे ‘क’लाच मिळाले, विक्रेत्याच्या हाती मात्र सुमारे २५०० रुपये कमी आले. येथे मुदतवाढीचा नियम असता तर ‘ख’ला उत्तर देता आले असते, आणि ‘क’च्या थांबण्याला काही अर्थ उरला नसता.

पुराणवस्तूंमध्ये हे प्रमाण अधिक का, याचेही उत्तर येथे मिळते. संगणकाची बाजारातील किंमत कोणालाही चौकशीने कळते. जुन्या मूर्तीची किंवा नाण्याची किंमत जाणकाराच्या नजरेत असते. आणि जाणकाराने बोली लावली की ‘ही वस्तू मोलाची आहे’ ही वार्ता इतरांना फुकट मिळते. आपले ज्ञान झाकून ठेवावयाचे तर बोलीही शेवटपर्यंत झाकून ठेवावी लागते.

तथापि निश्चित वेळेचा नियम सर्वस्वी सदोष आहे असे म्हणणे एकांगी होईल. सर्वच बोलीदारांनी शेवटच्या क्षणी आपापली खरी कमाल किंमत नोंदविली आणि त्या सर्व बोली वेळेवर पोहोचल्या, तर बंद लिफाफ्यांच्या लिलावासारखेच फळ मिळते व कोणावर अन्याय होत नाही. हानी होते ती काही बोलीदार गाफील असतात किंवा काहींची बोली वाटेत अडकते तेव्हा. शिवाय ठरलेल्या वेळी संपणाऱ्या लिलावात सामान्य ग्राहकाला अनिश्चित काळ तिष्ठत बसावे लागत नाही. ॲमेझॉनचे लिलाव पुढे बंद पडले आणि ईबे टिकून राहिले; यात व्यापाराच्या विस्ताराचा भाग मोठा असला, तरी केवळ निर्दोष नियमाने बाजार जिंकता येत नाही, एवढे त्यावरून दिसते. मुंबईत २००० मध्ये सुरू झालेली ‘बाझी’ ही लिलाव-कंपनीही २००४ मध्ये ईबेनेच सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतली.

: ६ :

खासगी विक्रीत एखाद्या नाण्याचे अडीच हजार रुपये इकडचे तिकडे झाले तर इतिहासाला त्याची दखल घेण्याचे कारण नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न राज्यव्यवहाराचा होतो. अमेरिकेने १९९४ मध्ये ध्वनिलहरींच्या परवान्यांचे लिलाव सुरू केले, तेव्हा पॉल मिलग्रॉम व रॉबर्ट विल्सन यांच्या सूचनांचा त्यात मोठा वाटा होता; या दोघांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या योजनेत फेऱ्यांवर फेऱ्या होत, आणि कोणत्याही परवान्यावर नवी बोली न येता फेरी संपली तरच सर्व परवान्यांचा लिलाव एकदम बंद होई. याशिवाय जो प्रत्येक फेरीत पुरेशी बोली लावणार नाही त्याचा पुढे बोलण्याचा हक्क कमी होई. त्यामुळे गप्प बसून अखेरीस झडप घालण्याचा मार्ग बंद झाला. भारतात २०१० मध्ये तिसऱ्या पिढीच्या दूरध्वनि-लहरींचा लिलाव याच धर्तीवर झाला. ९ एप्रिल रोजी सुरू झालेला हा लिलाव १९ मे रोजी, १८३ फेऱ्यांनंतर, बोली थांबल्यावर संपला आणि शासनास सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. त्यात एकट्या मुंबई परिमंडळाची किंमत सुमारे ३,२४७ कोटी रुपये ठरली. हा लिलाव एखाद्या ठराविक दिवशी ठराविक ठोक्याला बंद होणार असता, तर बोलीदारांनी आपले पत्ते शेवटपर्यंत झाकून ठेवले असते, असे मानण्यास जागा आहे.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. २००२ च्या कायद्यानुसार कर्ज थकलेल्या व्यक्तीची तारण मालमत्ता बँकांना विकता येते. या विक्रीच्या जाहिराती महाराष्ट्रातील वृत्तपत्रांतून नित्य येतात, आणि विक्री बहुधा ऑनलाइन लिलावाने होते. या जाहिरातींत लिलावाच्या वेळेपुढे ‘प्रत्येकी पाच मिनिटांच्या मुदतवाढीसह’ अशा आशयाचा उल्लेख सामान्यतः आढळतो. काही ठिकाणी मुदतवाढ दहा मिनिटांची असते. वाचकाची नजर या शब्दांवर क्वचितच थांबत असेल. परंतु कायद्याप्रमाणे बँकेचे येणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम हक्कदाराला, म्हणजे सामान्यतः कर्जदाराला, परत मिळावयाची असते. आणि रक्कम अपुरी पडली तर बाकीचे देणे त्याच्या माथी राहते. ज्याचे घर विकले जात आहे तो स्वतः बोली बोलत नाही, आणि किंमत वाढविण्यास त्याच्या हाती काहीच नसते. अखेरच्या क्षणी कमी किमतीत घर पटकावू पाहणाऱ्यापासून त्याचे जे काही संरक्षण होते, त्याचा एक भाग या पाच मिनिटांच्या शब्दांत आहे. अर्थात बोलीदारांनी आपसांत आधीच संगनमत केले असेल तर मुदतवाढ निरुपयोगी ठरते, कारण मौनाची मोजणी करणारा नियम विकत घेतलेले मौन ओळखू शकत नाही.

: ७ :

एकंदर विवेचनावरून लिलावाच्या समाप्तीचे तीन प्रकार स्पष्ट होतात. पहिला निश्चित घटकेचा, दुसरा अज्ञात घटकेचा व तिसरा मौनाचा. या तिहींचा कालानुक्रम लावून त्यात प्रगतीची सरळ रेषा काढता येत नाही. मौनाचा नियम १८०६ मध्ये विधिबद्ध होता. निश्चित घटकेच्या नियमाला जगभर प्रसार १९९५ नंतर मिळाला. आणि अज्ञात घटकेचा नियम, जो केवळ इंग्लंडच्या खेड्यांतील कौतुकाचा विषय उरला होता, तो २०२१ मध्ये ‘पोलकाडॉट’ या संगणकीय व्यवस्थेने पुन्हा स्वीकारला. तिच्या त्या लिलावांत बोली संपल्यावर मागील काळातील एखादा क्षण यदृच्छेने निवडला जाई आणि त्या क्षणी जो आघाडीवर असेल त्याला विजयी ठरविले जाई. या पद्धतीचे नाव ‘मेणबत्तीचा लिलाव’ असेच ठेवण्यात आले. पीप्सला भेटलेल्या त्या धूर्त बोलीदाराला येथे काही करता आले नसते, कारण घटका संपून गेल्यानंतरच ती कोणती होती हे ठरे. धूर दिसावयास ज्योतच नसे.

तंत्राच्या बदलाने व्यवहाराचे मूळ प्रश्न बदलतातच असे नाही. लिलावाचा न्याय सर्वांत मोठ्या रकमेला माल देण्यात आहे असे आपण म्हणतो. परंतु ती रक्कम बोलण्यास सर्वांना पुरेसा अवकाश मिळाला होता की नाही, हे समाप्तीच्या नियमावर अवलंबून असते. महाराष्ट्रातील तारण-मालमत्तेच्या विक्रीच्या जाहिरातींत मुदतवाढीची अट कोणत्या शब्दांत येते, तिची मुदत किती असते, आणि राखीव किमतीहून बोली प्रत्यक्षात किती वर जाते, यांची जिल्हावार पाहणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्यासारखी आहे. ज्यांची घरे त्या पाच मिनिटांत विकली जातात त्यांच्या दृष्टीने हा अभ्यास केवळ विद्याविनोदाचा ठरणार नाही.